समोरच्या दारातल्या पारशी आंटी आणि भाच्याचा फोन

तिसरा_मजला
आमची इमारत ग्रँट रोडची. पागडीची, लाकडी जिन्याची, लिफ्ट नाही. सासूबाई सांगायच्या, त्या लग्न होऊन आल्या तेव्हा निम्मी बिऱ्हाडं पारशी होती. आता एकच उरलंय, समोरच्या दारातल्या आंटी. वय ऐंशीच्या पुढे. लग्न केलं नाही. फोर्टातल्या एका कंपनीत स्टेनो होत्या. भाऊ-वहिनी गेले, भाचा टोरांटोत असतो.

तसं त्यांना काही कमी नाही. डबा येतो, केर-भांड्यांना बाई येते, औषधं घरपोच मिळतात. पैशाची ओढाताण नाही. पण संध्याकाळी दार उघडं टाकून खुर्चीत बसतात आणि जिन्यात पाऊल वाजलं की "कोण?" म्हणून विचारतात. रविवारी 'जामे जमशेद' हे पारशी साप्ताहिक आलं की आधी मृत्यूच्या बातम्यांचं पान. ओळखीचं नाव निघालं की मला हाक मारायच्या आणि तो माणूस कोणत्या शाळेत होता, कोणाच्या लग्नात कसा नाचला होता, सगळं सांगायच्या. हल्ली हाक येत नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "ओळखीची नावं संपली, डिकरा."

परवा भाच्याचा फोन आला. आंटींना एखाद्या पारशी वृद्धाश्रमात हलवावं असं त्याच्या मनात आहे. "तुम्ही रोज बघता, तुम्हाला काय वाटतं?" म्हणाला. मी दोन दिवस मागून घेतलेत. काय सांगू? आणि आपण त्यांच्या धर्माचे नाही, जातीचे नाही, नुसते शेजारी. आपण किती करावं?

शिस्तप्रिय
हलवावं. भावना बाजूला ठेवून जिन्याचा विचार करा. रात्री बाथरूममध्ये पडल्या तर कोणाला कळणार? वृद्धाश्रमात निदान हाक मारली तर कोणीतरी येतं. माझ्या मावशीच्या बाबतीत आम्ही फार उशीर केला होता.

खोडकर_कावळा
आंटींना कोणी विचारलंय का?

तिसरा_मजला
विचारलं. "मला काय विचारते, माझ्या कपाटाला विचार, त्याला जायचं काय?" म्हणाल्या आणि हसल्या. त्यांच्याकडून सरळ उत्तर काढणं अवघड आहे.

खोडकर_कावळा
कपाटाला एक मत द्या. शिसवी असेल तर दोन.

निळी_छत्री
माझं बालपण लालबागला नवरोज बागेच्या शेजारी गेलं. एक फरक सांगते, जो बाहेरून पटकन दिसत नाही. बागेत राहणारे पारशी आणि तुमच्या इमारतीसारख्या मिश्र वस्तीत राहणारे पारशी यांचं म्हातारपण सारखं नसतं. नवरोज बाग, रुस्तम बाग, खुस्रो बाग या वसाहती वाडिया कुटुंबाच्या दानातून उभ्या राहिल्या, कमी भाड्यात गरीब पारशांना घर मिळावं म्हणून. तिथे आवार असतं, बाकडी असतात. आजीबाई खाली उतरल्या नाहीत तर वरच्या मजल्याकडे बघून कोणीतरी ओरडतंच. तुमच्या आंटींना ते आवार मिळालं नाही. त्यांचं आवार म्हणजे तुमचा जिना.

पण बागेतही आता बऱ्याच खिडक्या बंद दिसतात. मुलं बाहेरदेशी, घराला कुलूप. बाकडी आहेत तशीच आहेत, बसणारे कमी झाले.

टाकसाळ
थोडा वेगळा सूर लावतो. १९४१च्या जनगणनेत पारशी १,१४,८९० होते, २०११ला ५७,२६४. संख्या निम्मी झाली, मान्य. पण हा समाज गरीब नाही. पंचायत आहे, ट्रस्ट आहेत, स्वतःचं हॉस्पिटल आहे, घरं आहेत. आपल्याकडे चाळीत एकट्या राहणाऱ्या किती मराठी म्हाताऱ्या आहेत ज्यांच्या मागे एकही ट्रस्ट नाही! एकटेपणाला धर्म नसतो. मग पारशांचा वेगळा धागा कशाला?

मंदाकाकू
टाकसाळ, एकाचं दुखणं सांगितलं म्हणून दुसऱ्याचं लहान होत नाही. मी मराठी, मी एकटी, आणि मला हा धागा माझाही वाटला.

देवळालीचा_बावा
मी पारशी आहे, देवळालीत वाढलो, मराठी शाळेतून शिकलो. टाकसाळ, तुमचा आकडा बरोबर आहे, पण त्याच्या पोटात आणखी एक आकडा आहे. २००१च्या जनगणनेत पारशांपैकी सुमारे ३१ टक्के लोक साठीच्या पुढचे होते. तेव्हा देशात हे प्रमाण साडेसात टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे दर तिसरा माणूस म्हातारा. आता म्हाताऱ्याला सोबत कोण करणार? दुसरा म्हातारा. तो गेला की तिसरा शोधायचा.

आणि आमच्यात लग्न न केलेले खूप. उशिरा करणारे खूप. धाग्यातल्या आंटींसारख्या बायका मला प्रत्येक नात्यात एक-दोन माहीत आहेत. शिकल्या, नोकरी केली, आईवडिलांना शेवटपर्यंत सांभाळलं, आणि मग त्यांना सांभाळायला मागे कोणी नाही. सरकारने २०१३मध्ये 'जिओ पारसी' योजना आणली. तिचा मूळ हेतू जन्म वाढवण्याचा. नंतर घरातल्या ज्येष्ठांच्या सांभाळासाठीही त्यात मदत आली, पण तीही कुटुंब असलेल्यांना. जिचं कुटुंबच नाही, तिच्यापर्यंत ती पोचत नाही.

ट्रस्टचं म्हणाल तर मी कृतघ्न होणार नाही. माझ्या आजीला छप्पर आणि औषध दोन्ही समाजाने दिलं. पण ट्रस्ट तुमचं भाडं भरतो, तिसऱ्या मजल्यावर चढून "आज काय खाल्लंस" विचारायला येत नाही.

आता एक अवघड गोष्ट. आमच्यात मुलगी बाहेर लग्न करते तेव्हा बहुतेक ठिकाणी तिला अग्यारीत, म्हणजे आमच्या अग्निमंदिरात, आणि डुंगरवाडीत, म्हणजे अंत्यविधीच्या जागी, येऊ देत नाहीत. १९०८च्या मुंबई हायकोर्टाच्या निकालात पारशी बापाची मुलं समाजात धरली गेली, आईकडून येणाऱ्यांचा तसा विचार झाला नाही, आणि तीच रीत पुढे चालत राहिली. वलसाडच्या एका बाईंना आईवडिलांच्या अंत्यविधीला हजर राहता यावं म्हणून सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. २०१७मध्ये तिथल्या अंजुमनने, म्हणजे पारशी समाजाच्या संस्थेने, त्यांना परवानगी द्यायचं मान्य केलं. मी अशी घरं बघितली आहेत जिथे बापाने मुलीशी बोलणं सोडलं नाही, पण चारचौघांत नातवंडांचा विषय काढणं सोडलं. नातू आहे, पण नवजोतीचा, म्हणजे धर्मदीक्षेचा, फोटो नाही, मग भिंतीवर काय लावायचं? तो माणूस भरल्या घरात एकटा असतो. याची नोंद कुठल्या जनगणनेत होत नाही.

निळी_छत्री
बावाजी, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. लिहिलंत हे फार चांगलं केलंत.

चौकट
सगळं ठीक आहे, पण ग्रँट रोडची पागडीची जागा, एकटी बाई, वारस परदेशात, आणि शेजारी एवढे प्रेमळ? जरा सांभाळून बोला, लोकांना दिसतं सगळं.

तिसरा_मजला
चौकट, तुमचं लिहिणं वाचून राग आला, तरी उत्तर देते. आंटींचे बँकेचे कागद, भाड्याच्या पावत्या, चेकबुक यातलं काहीही आमच्या घरात नाही आणि येणार नाही. घराची एक चावी आहे, ती भाच्याने सगळ्यांसमोर दिली आहे.

देवळालीचा_बावा
चौकट यांना एवढंच सांगतो. ही शंका येईल या धाकानेच कितीतरी चांगले शेजारी दारातूनच परत फिरतात. खरे लबाड कुठल्याच शंकेला घाबरत नाहीत.

वकिली_वळसा
जागेचा विषय निघालाच आहे तर कामाचं लिहितो. भाच्याला हे नक्की सांगा.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे भाड्याची जागा सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने न वापरता पडून राहिली, तर मालक ताबा मागू शकतो. म्हणजे "आधी वृद्धाश्रमात ठेवून बघू, नाही रमल्या तर परत आणू" हा बेत कुलूप लावून करायचा नाही. महिना-दीड महिना राहून बघायला हरकत नाही. लांबलं तर परतीची वाट बंद होऊ शकते, आणि ऐंशीच्या पुढच्या माणसाला परतीची वाट उघडी आहे एवढं माहीत असलं तरी झोप लागते.

दुसरं. २००७चा ज्येष्ठ नागरिक कायदा फक्त मुलांपुरता नाही. मूल नसलेल्या ज्येष्ठाची मालमत्ता ज्याच्याकडे आहे किंवा वारशाने ज्याला मिळणार आहे, अशा नातेवाइकावरही, त्याची ऐपत असेल तर, सांभाळाची जबाबदारी येते. इथे भाचा स्वतः फोन करतोय, त्यामुळे कायदा दाखवायची वेळ नाही. माहिती म्हणून सांगितलं. याच कायद्याखालच्या नियमांप्रमाणे पोलीस ठाण्याने हद्दीतल्या एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवायची असते आणि महिन्यातून एकदा तरी भेट द्यायची असते. आंटींचं नाव त्या यादीत आहे का बघा. नसेल तर जाऊन घाला. आणि १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे, आंटींच्या फोनमध्ये साठवून ठेवा.

शिस्तप्रिय
सहा महिन्यांचा मुद्दा माहीत नव्हता. तरीही माझं मत तेच. कायदा सांभाळून हलवा.

डॉ_काजवा
धागा वाचताना मला एका वाक्यापाशी थांबावं लागलं: "हल्ली हाक येत नाही." ओळखीची नावं संपली हे खरं असेलही. पण वैद्यकीय नजरेने आणखी तीन शक्यता तपासायला हव्यात. पहिली, कान. ऐकू कमी यायला लागलं की माणूस हळूहळू बोलणं टाळतो, कारण दरवेळी "काय?" विचारायची लाज वाटते. जिन्यात पाऊल ऐकू येतं म्हणता, पण पावलाचा आवाज आणि बोलणं यात फरक आहे, बोलण्यातले बारीक स्वर आधी जातात. दुसरी, डोळे. पेपरची बारीक अक्षरं दिसेनाशी झाली तरी म्हातारी माणसं सांगत नाहीत. तिसरी, नैराश्य. वयामुळे असंच होतं, असं म्हणून ते सोडून दिलं जातं, आणि त्यावर उपचार होतात.

एकटं राहणं आणि एकटेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकटी राहणारी व्यक्ती मजेत असू शकते. पण एकटेपणा शरीराला लागतो, हे आता वादाचं राहिलेलं नाही. २०१०मध्ये १४८ अभ्यास आणि तीन लाखांहून जास्त माणसांची माहिती एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा होता, की ज्यांची माणसांशी नाती घट्ट होती त्यांची जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५च्या अहवालात जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो असं म्हटलंय.

शिस्तप्रिय यांना: पडण्याची भीती रास्त आहे. पण या वयात घर बदलणं हाही मोठा धक्का असतो. रात्री अंधारात हात कुठे ठेवायचा हे पाठ असतं, ते नव्या खोलीत पाठ नसतं.

खोडकर_कावळा
डॉक्टर, आमच्या आजोबांना ऐकू येत नाही असं आम्ही दहा वर्षं समजत होतो. यंत्र आणलं तर म्हणाले, "मला सगळं ऐकू येत होतं, तुमचं बोलणं ऐकण्यासारखं नव्हतं."

डॉ_काजवा
हाही एक प्रकार आहे, त्यावर औषध नाही.

रेवदंडेकर
पारशांसारखीच गोष्ट आमच्या किनाऱ्यावर बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, झाली, म्हणून लिहितो. अलिबाग, रेवदंडा, पेण, रोहा या पट्ट्यात ही मंडळी पिढ्यान्पिढ्या राहिली. घाण्याचं तेल काढायची आणि शनिवारी काम बंद ठेवायची, म्हणून शनिवार तेली म्हणायचे त्यांना. बोलणं आपल्यासारखंच मराठी. इस्रायल झाल्यावर घरंच्या घरं गेली. माझ्या वडिलांचे एक मित्र मात्र राहिले.

त्यांच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, त्याशिवाय काही प्रार्थना म्हणताच येत नाहीत. आमच्या लहानपणी दहा जमायचे. मग सणाला मुंबईहून माणसं आली तरच दहा व्हायला लागले. त्या काकांना मी एकदा विचारलं, तुम्ही एकटेच म्हणून घ्या ना. ते म्हणाले, एकट्याने म्हणायची वेगळी असते, ती मी रोज म्हणतो. मला तेव्हा कळलं की माणसं कमी झाली की नुसती सोबत कमी होत नाही, काही गोष्टी करताच येत नाहीत. आपण मराठी हिंदूंना हे कळणं कठीण आहे. आपला गणपती एका माणसाच्या घरीही बसतो.

मुलाकडे इस्रायलला गेले होते काका, राहून आले. नातवंडं हिब्रू बोलायची. तिथे त्यांच्या धर्माची माणसं होती पण बोलायला कोणी नव्हतं, इथे बोलायला सगळा गाव होता पण धर्माचं कोणी नव्हतं. शेवटी त्यांनी गाव निवडलं. ते बरोबर होतं की चूक, मला आजही ठरवता येत नाही.

उन्हाळी
रेवदंडेकर, हे आमच्या कट्ट्यावरच्या प्रत्येक परदेशस्थाला वाचायला द्यायला हवं.

मी कॅनडात असते, म्हणून भाच्याची बाजू मांडते. इथून फोन करताना आपली सकाळ म्हणजे तिथली संध्याकाळ. नोकरीला निघायच्या घाईत फोन होतो, आणि तिकडून "सगळं बरं आहे" ऐकू आलं की तेच खरं मानावंसं वाटतं. वृद्धाश्रमाचा विचार येतो तो जबाबदारी झटकायला नाही, रात्री तीन वाजता फोन वाजेल या भीतीने येतो. भाच्याने शेजाऱ्यांना विचारलं, यातच त्याची काळजी दिसते. त्याला "ठेवा" किंवा "हलवा" असं एका शब्दात सांगू नका. आंटींचा एक दिवस कसा जातो ते सविस्तर सांगा. मला माझ्या आईबद्दल असं कोणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

टाकसाळ
अवांतर: आंटींसारख्यांना पूर्वी इराणी हॉटेलं होती की. धोबीतलावच्या कयानीत, ग्रँट रोड स्टेशनजवळच्या मेरवानमध्ये एकटे पारशी बाबाजी एक चहा आणि ब्रुन मस्का घेऊन तास-तास बसायचे. वेटर नावाने ओळखायचा. कयानी १९०४चं आहे! कितीतरी बाकीची बंद झाली.

निळी_छत्री
मेरवानचा मावा केक संपायच्या आत पोचणं ही आमची परीक्षा असायची. सकाळी उठवायला गजर लागायचा नाही.

खोडकर_कावळा
मावा केकवर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो.

देवळालीचा_बावा
टाकसाळ, आठवण छान आहे, पण त्या टेबलांवर कोण बसायचं आठवून बघा. बाबाजी. आमच्या मावश्या-आत्या तिथे एकट्या जाऊन तासभर बसत नसत. त्यांची जागा म्हणजे अग्यारी, जिना आणि गहंबार. गहंबार म्हणजे ऋतूंप्रमाणे वर्षातून सहा वेळा येणारा सण, त्यात समाजाची एकत्र पंगत बसते. गरीब-श्रीमंत एका टेबलावर. पुष्कळशा म्हाताऱ्या बायकांचं वर्षातलं खरं भेटणं तिथे होतं. जिना उतरता येईनासा झाला की ते सगळं एका दिवसात थांबतं.

उदवाड्याचंही तसंच. तिथल्या आतश बेहरामच्या, म्हणजे सर्वांत पवित्र अग्नीच्या, दर्शनाला माझी आत्या दर वर्षी रेल्वेने जायची. मार्च २०२०पासून ज्येष्ठांची तिकिटातली सवलत बंद झाली. तिला पैशाचं एवढं नव्हतं, पण तिच्या मैत्रिणींना होतं, आणि मैत्रिणी नाहीत म्हणून मग तीही जाईना.

तिसरा_मजला, तुम्ही विचारलंत की परधर्माच्या शेजाऱ्याने किती करावं. अग्यारीत तुम्हाला आत जाता येणार नाही, हे खरं. पण आंटींना दारापर्यंत नेता येईल. जवळच्या अग्यारीतल्या मोबेदजींना, म्हणजे धर्मगुरूंना, आधी फोन करा, आतून कोणीतरी घ्यायला येईल. ऑगस्टात आमचं नवीन वर्ष असतं, त्याआधीचे दहा दिवस मुक्ताद. गेलेल्यांच्या नावाने अग्यारीत फुलांचे करासिया, म्हणजे फुलदाण्या, मांडतात. आंटींनी आईवडिलांच्या नावाचा करासिया यंदा सांगितलाय का, एवढंच विचारा. मला खात्री आहे, या प्रश्नाला त्या कपाटाचं उत्तर देणार नाहीत.

आणि एक नाजूक गोष्ट. मूलबाळ नसलेल्या आमच्या म्हाताऱ्यांना मरणापेक्षा त्यानंतरच्या चार दिवसांची काळजी जास्त असते. प्रार्थना कोण सांगेल, नाव कोण घेईल? देह गिधाडांच्या स्वाधीन करायची आमची रीत, ती गिधाडंच नाहीशी झाल्यापासून डुंगरवाडीचाही प्रश्न आहे. काहींनी २०१५मध्ये वरळीला सुरू झालेल्या प्रार्थनागृहाचा पर्याय घेतला, काहींना तो मान्य नाही. पूर्वी ज्याला मुलगा नाही त्याच्यासाठी उठमण्याच्या, म्हणजे तिसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेच्या, वेळी 'पालक', म्हणजे त्याच्या नावाने विधी करणारा, जाहीर करायची रीत होती. हे भाच्याने आंटींशी जिवंतपणी, मोकळेपणाने बोलून ठेवावं. बोलायला जड वाटतं, पण आमच्या आजीशी मी बोललो त्या दिवशी ती संध्याकाळभर गात होती.

मंदाकाकू
इतका वेळ वाचत होते, आता माझं सांगते. मी पंचाहत्तरीची, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी बंगलोरला. लोक फार चांगले आहेत. खीर केली की वाटी येते, "काही लागलं तर सांगा" असं सगळे म्हणतात. पण मला काही लागत नाही हो! मला कोणाला तरी मी लागायला हवी आहे. मागच्या वर्षी वरच्या मजल्यावरची मुलगी दहावीचं संस्कृत घेऊन आली. आठवड्यातून तीन संध्याकाळी. मी आदल्या रात्री अभ्यास करून ठेवायची, चुकायला नको म्हणून. ती परीक्षा झाली आणि मला एप्रिल खायला उठला.

तुमच्या आंटी स्टेनो होत्या ना? मग इंग्रजी पत्र लिहायला त्यांच्यासारखं कोण मिळणार आहे तुमच्या इमारतीत? मालकाला, महापालिकेला, बँकेला काहीतरी लिहायचं असतंच. घेऊन जा कागद. आणि खोटं काम नेऊ नका, म्हाताऱ्या माणसाला खोटं काम लगेच कळतं.

शिस्तप्रिय
मंदाकाकू, तुमचं पटलं. पण माझा प्रश्न तसाच उभा आहे. रात्रीचं काय?

तिसरा_मजला
सगळ्यांचे प्रतिसाद आंटींच्या घरी बसून वाचले, काही त्यांना वाचून दाखवले. बावाजींचं मुक्तादचं वाचल्यावर त्या काही बोलल्या नाहीत, उठून आतून एक वही आणली. त्यात आईवडील, भाऊ, वहिनी, दोन मावश्या, सगळ्यांची नावं आणि रोज-महिना, म्हणजे पारशी पंचांगातली मृत्यूची तिथी, लिहिलेला. गेल्या वर्षी सांगायचं राहिलं होतं, कारण जिना उतरता आला नाही आणि फोनवर पलीकडचं नीट ऐकू येत नव्हतं. डॉक्टर, तुमचा अंदाज बरोबर होता. कानांच्या तपासणीची वेळ घेतली आहे. अग्यारीत मी फोन केला, नावं लिहून घेतली त्यांनी.

जिन्याचं असं ठरलंय की आमच्याकडचे दोघे आणि खालच्या दुकानातला मुलगा मिळून खुर्चीवरून उतरवतील. आंटींची अट आहे की खुर्ची त्यांचीच असावी आणि उतरताना कोणी "सांभाळून, सांभाळून" ओरडायचं नाही.

भाच्याशी तासभर बोलले. उन्हाळी, तुम्ही म्हणालात तसा त्यांचा दिवस सांगितला. तो बराच वेळ गप्प होता. तूर्त हलवायचं नाही असं ठरलं. डिसेंबरात तो येणार आहे, तेव्हा दोघं मिळून एक-दोन ठिकाणं बघून येतील आणि निर्णय आंटी घेतील. मी त्याला हेही सांगितलं की आम्ही शेजारी आहोत, नर्स नाही. प्रकृती ढासळली तर पगारी माणूस ठेवावा लागेल. तो हो म्हणाला.

मंदाकाकू, इमारतीच्या दुरुस्तीचं पत्र गेले कित्येक महिने अडलं होतं. मसुदा घेऊन गेले. त्यांनी पहिल्याच ओळीत तीन चुका काढल्या आणि टाइपरायटर आहे का म्हणून विचारलं.

शिस्तप्रिय, रात्रीचं अजून पूर्ण सुटलेलं नाही. त्यांच्या पलंगापासून आमच्या घरात वाजेल अशी बेल बसवतोय.

शिस्तप्रिय
बेल पलंगाशी एक आणि बाथरूममध्ये जमिनीपासून हातभर उंचीवर एक, अशा दोन बसवा. पडलेल्या माणसाचा हात वर पोचत नाही. कमोडशेजारी भिंतीत पक्का दांडा बसवा, टॉवेलचा दांडा चालणार नाही, तो उखडतो. रात्री पलंगापासून बाथरूमपर्यंत मंद दिवा चालू ठेवा. एवढं झालं तर मी माझं मत मागे घेतो.

डॉ_काजवा
शिस्तप्रिय यांची यादी जशीच्या तशी छापून ठेवावी. सुटी पायपुसणी उचला, एवढीच भर.

टाकसाळ
मी विचारलं होतं, वेगळा धागा कशाला. रेवदंडेकर आणि बावाजी यांच्या प्रतिसादांत उत्तर मिळालं. आमच्या इमारतीत दोन पारशी घरं आहेत. यंदा नवरोजला नुसतं "साल मुबारक" म्हणून निघून येणार नाही, बसेन.

देवळालीचा_बावा
बसाल तर भूक ठेवून जा. रवो आणि शेवया-दही खाल्ल्याशिवाय उठू देणार नाहीत.

पर्वती_पायथा
वाचनमात्र होतो, आता एक विचारतो. वकिली_वळसा यांनी सांगितलेली पोलीस ठाण्यातली यादी पुण्यातही असते का? आमच्या गल्लीत एक सिंधी आजोबा एकटे आहेत. नाव घालायला नातेवाईकच लागतो का?

वकिली_वळसा
नियम राज्याचा आहे, त्यामुळे पुण्यालाही लागू. नातेवाईक असायलाच हवा असं नाही, पण आजोबांची संमती घ्या आणि जमलं तर त्यांनाच सोबत न्या. वयाचा पुरावा, पत्ता, जवळच्या माणसाचा फोन आणि डॉक्टरचं नाव एका कागदावर लिहून न्या. दिल्यावर एका प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.

पर्वती_पायथा
आभार. उद्या सकाळी त्यांना विचारतो.